फितुराचे काय करावयाचे?

दिवाळी अंकात वाचकाला काय हवे असते, हे शाळेत शिकवणाऱ्या बाईला कोणी वेगळे सांगायला नको. सोऱ्यातून चकली पडते आहे, पोरे अंगणात किल्ल्याला माती लिंपीत आहेत, आणि घरातले कोणीतरी ओटीवर पाय पसरून अंक चाळते आहे. अशा वेळी आफ्रिकेतल्या एका रक्तबंबाळ लढ्याची कादंबरी पुढे घेऊन येणे म्हणजे सणाच्या ताटात कडू भाजी वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण आम्हा कोकणातल्या माणसांना ही सवय जुनीच आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो, आणि मगच फराळाला बसतो. हा लेख म्हणजे ते कारीट समजावे. फराळ अंकात इतरत्र पुष्कळ आहे.

न्गुगी वा थिओंगो ह्या केनियातल्या लेखकाची 'ए ग्रेन ऑफ व्हीट' ही १९६७ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मी गेल्या पावसाळ्यात वाचली. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही; त्यामुळे इंग्रजी कादंबरी मी वाचते ती मांडीवर शब्दकोश घेऊन, दिवसाला दहा-बारा पाने. मुंबईला नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती पाठवली होती. त्याच सुमारास, २८ मे २०२५ रोजी, लेखक परदेशी अमेरिकेत वारल्याची बातमी आली होती. वाचून झाल्यावर काही दिवस मला दुसरे काही वाचवेना. पुस्तक फार थोर आहे म्हणून नव्हे; थोर तर ते आहेच. त्या पुस्तकाने माझ्याच एका जुन्या पुस्तकातला खोटेपणा मला दाखवला म्हणून.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. केनियातल्या डोंगरपठारावरची उत्तम जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांनी घेतली आणि तेथे पिढ्यान् पिढ्या राहणारे गिकुयू लोक आपल्याच जमिनीवर मजूर झाले. १९५० च्या सुमारास त्यांच्यात गुप्त शपथा होऊ लागल्या. जंगलात टोळ्या जमल्या. ह्या बंडाला जगाने 'माऊ माऊ' हे नाव दिले. २० ऑक्टोबर १९५२ रोजी इंग्रज सरकारने आणीबाणी पुकारली. पुढच्या काही वर्षांत सरकारी आकड्यांप्रमाणेच ११,००० हून अधिक बंडखोर मारले गेले, हजाराहून अधिक फासावर गेले, आणि दहा लाखांवर माणसांना त्यांच्या वाड्यावस्त्यांतून उठवून खंदकांनी वेढलेल्या नव्या खेड्यांत कोंडण्यात आले. गोरे वसाहतवाले मेले ते ३२. बंडखोरांच्या हातून मेले त्यांतले बहुतेक त्यांचेच जातभाई, सरकारशी एकनिष्ठ राहिलेले. २६ मार्च १९५३ च्या रात्री लारी येथे अशा घरांना आगी लावल्या गेल्या. बायकामुलेही सुटली नाहीत. आणि त्याचा सूड म्हणून पुन्हा तितकीच, किंबहुना अधिक, माणसे मारली गेली. १२ डिसेंबर १९६३ रोजी देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याला तिकडे 'उहुरू' म्हणतात.

हे सगळे आपल्यापासून दूर आहे असे म्हणता येत नाही. स्वतंत्र भारताचे पहिले कमिशनर म्हणून १९४८ साली नैरोबीला गेले ते साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत. ज्या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आपला कारभार आपण होऊन प्रजेच्या पंचायतींच्या हाती दिला, त्यांचे हे चिरंजीव. त्यांनी तेथल्या आफ्रिकन पुढाऱ्यांशी स्नेह जोडला, आफ्रिकन मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून खटपट केली. आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत ते इतके सलू लागले की १९५४ साली त्यांना ती जागा सोडावी लागली. मूळचे गोव्याचे पिओ गामा पिंटो हे तर केनियाच्या लढ्यातच पडले आणि १९५४ पासून पाच वर्षे स्थानबद्धतेत राहिले. त्यांच्याकडे मी पुन्हा येईन.

आता कादंबरी. थबाई नावाचे एक खेडे. स्वातंत्र्याचा सोहळा चार-पाच दिवसांवर आलेला. गावाला आपल्या हुतात्म्याची, किहिकाची, आठवण साजरी करायची आहे. किहिका जंगलात लढला. कोणीतरी फितुरी केली म्हणून सापडला आणि फाशी गेला. सोहळ्यात मुख्य भाषण कोणी करायचे? गावाने एकमताने निवड केली आहे मुगोची. मुगो अबोल, एकटा राहणारा माणूस. खंदक खणताना एका बाईला शिपाई झोडपीत होता तेव्हा हा मध्ये पडला. त्याबद्दल त्याला छावणीत नेले. तेथे मार खाऊन त्याने तोंड उघडले नाही. गावच्या बायका त्याच्यावर गाणी रचतात. म्हाताऱ्या त्याला भेटून धन्य होतात. आणि वाचकाला हळूहळू, पाने उलटता उलटता, कळत जाते की किहिकाला पकडून देणारा दुसरातिसरा कोणी नसून हाच मुगो आहे.

ह्या एका कल्पनेवर दुसऱ्या एखाद्याने रहस्यकथा रचली असती. न्गुगीने तसे केले नाही. मुगोने फितुरी का केली हे तो ज्या धीराने सांगतो ते पाहण्यासारखे आहे. मुगोला पैशाचा लोभ नव्हता, किहिकाशी वैर नव्हते, साहेबावर प्रेमही नव्हते. लहानपणी आईबाप गेलेला, चुलतीने हिडीसफिडीस करून वाढवलेला हा पोर. त्याला फक्त आपला तुकडा कसायचा होता आणि कोणाच्या अध्यात मध्यात पडायचे नव्हते. एका रात्री साहेबाला गोळी घालून पळणारा किहिका नेमका त्याच्याच झोपडीत शिरला आणि तूही आमच्यात ये म्हणाला. मुगोच्या साऱ्या आयुष्याची घडी एका रात्रीत विसकटली. आपण ह्याला का जवळ करावे, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि उत्तर म्हणून तो सरकारी कचेरीत गेला. वाचताना मला ह्या माणसाची किळस आली नाही. भीती वाटली. कारण असा माणूस प्रत्येक गावात असतो, प्रत्येक घरात असतो, आणि वेळ आली तर तो आपल्यातही निघेल अशी शंका येते.

मुगोभोवतीची माणसेही अशीच. गिकोन्यो हा सुतार. छावणीत सहा वर्षे गेली. आपण घेतलेली शपथ कबूल करणारा गावातला पहिला हाच, कारण त्याला आपल्या बायकोचे, मुम्बीचे, तोंड पाहायचे होते. घरी येतो तो मुम्बीच्या पाठीवर दुसऱ्याचे मूल. ते मूल करंजाचे. करंजा गोऱ्यांच्या बाजूने बंदूक घेऊन उभा राहिलेला. नवऱ्याच्या छावणीच्या वर्षांत मुम्बीने उपास काढले, स्वतःच्या हाताने झोपडी उभी केली, सासूला जगवले. आणि एका दुबळ्या क्षणी, नवरा सुटणार ही बातमी ऐकताना, तिचा तोल गेला. न्गुगी तिला सतीही करीत नाही आणि कुलटाही करीत नाही. ती मान वर करून बोलते. आपल्याकडच्या स्वातंत्र्यलढ्याच्या गोष्टींतील बाई बहुधा ओवाळायला दारात उभी असते आणि शेवटी कुंकू पुसायला. मुम्बीला भेटल्यावर त्या दारातल्या बाईंची मला फार दया आली. त्यांना बोलायला आपण एक वाक्यही दिले नाही.

लढ्याला बळ कोठून येते, हाही ह्या पुस्तकातला मोठा विषय आहे. गिकुयूंची शपथ ही त्यांच्या जुन्या रीतीतली गोष्ट. माती, बकऱ्याचे मांस, पूर्वजांचे नाव. आपल्याकडे बेल-भंडार उचलला की माणूस शब्दाला बांधला जातो, तसे ते. परक्या राज्याच्या कायद्यापुढे ह्या शपथेने हजारो माणसे एकजुटीने उभी केली. पण शपथेची दुसरी बाजूही न्गुगी विसरत नाही. शपथ बांधते तशी ती कोंडते. न घेणाऱ्याचा गळा धरते. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेने १९५८ च्या आपल्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' ह्या पहिल्याच कादंबरीत हेच दाखवले होते. गोरा येण्यापूर्वीचे आमचे गाव काही रानटी नव्हते, त्याला न्याय होता, सण होते, म्हणी होत्या, असे तो अभिमानाने सांगतो. आणि त्याच गावाने दैवताच्या शब्दाखातर इकेमेफुना ह्या निरपराध पोराचा जीव घेतला, जुळी मुले रानात टाकली, हेही सांगतो. परंपरेचा अभिमान आणि परंपरेची लाज एकाच माणसाच्या ठायी असू शकतात. महाडच्या चवदार तळ्याची हकीकत ज्या जिल्ह्यात १९२७ साली घडली, त्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे पटायला अडचण पडू नये.

आणि आता मी माझ्या मातीकडे वळते.

उरण तालुक्यात चिरनेर नावाचे गाव आहे. जंगल कायद्याने रान सरकारचे झाले. सरपणाची मोळी आणणे, काताचे झाड तोडणे हा गुन्हा ठरला. ज्यांचे नावच कातावरून पडले ते कातकरी, आणि आगरी, कोळी, सगळेच त्यात भरडले. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर लोक कायदा मोडायला जमले. देवीचा डोंगर आणि गांधींचा सत्याग्रह ह्या दोन गोष्टी तेथे एक झाल्या. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण हुतात्मे झाले. त्यांच्यात चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर होते, नाग्या महादू कातकरी होते. त्याच दिवशी मामलेदार जोशीही तेथे मेले, आणि सरकारी बाजूची आणखीही माणसे गेली. मागाहून धरपकड झाली, खटला झाला, गावोगावी पोलिसांचा धुमाकूळ झाला.

दहा वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. गाव काल्पनिक, पण वाचणाऱ्याला कळावे असे. खाडी, खाजण, मागे डोंगर. जंगल सत्याग्रहाचीच गोष्ट. माझ्या गावातले सगळे शूर होते. बायका ओवाळीत होत्या. पोलीस तेवढे वाईट. पुस्तकाला चार बरे शब्द मिळाले, आमच्या शाळेत माझा नारळ देऊन सत्कार झाला. त्यानंतर महिनाभराने बाजूच्या गावचे एक नव्वदीच्या घरातले आजोबा नातवाच्या मोटारसायकलवर बसून शाळेच्या फाटकाशी आले. पुस्तक नातवाने त्यांना वाचून दाखवले होते.

"बाई," ते म्हणाले, "पुस्तक बरं हाय. पण त्यात फितूर कोणीच नाय. मंग पोलिसांना घरं दावली कोणी?"

मी काहीतरी बोलले. कादंबरी आहे, आजोबा, सगळेच घेता येत नाही, असे काहीसे. ते ऐकून घेत होते. मग नातवाकडे न पाहता हलकेच म्हणाले, "आमच्याच घरातल्यानं दावली. जप्तीत रेडा नेलेला, तो सोडवाया." एवढे बोलून ते निघाले. चहा घ्या म्हटले, तेही घेतला नाही.

त्या वेळी मी स्वतःची समजूत घातली की म्हाताऱ्याच्या मनातली ही जुनी बोच आहे, तिला साहित्यात कशाला जागा द्यायची? आज कळते की साहित्यात जागा द्यायची ती तिलाच. माझ्या कादंबरीत आठशे लोकांचे गाव होते आणि त्यात एकही भित्रा नव्हता. असे गाव पृथ्वीच्या पाठीवर नाही. जे गाव कोठेच नाही, त्याच्या शौर्याला किंमत ती काय? सगळेच शूर असतील तर नाग्या कातकऱ्याने विशेष ते काय केले? भीती सगळ्यांना होती, रेडा सगळ्यांचा जात होता, म्हणून तर डोंगरावर जाणाऱ्याचे पाऊल मोलाचे. फितुराला वगळून मी हुतात्म्यालाच हलके केले होते. न्गुगीच्या पुस्तकाने मला हा धडा दिला, आणि समीक्षक म्हणून मी त्याचे पहिले मोठेपण मानते ते हेच.

त्याचे दुसरे मोठेपण असे की गोरा गेल्यावर त्याची लेखणी थांबत नाही. सुतार गिकोन्यो आणि चार गावकरी मिळून एका गोऱ्याचा मळा विकत घ्यायचे ठरवतात. कर्जाच्या शब्दासाठी तो नैरोबीला आपल्या खासदाराच्या दारात खेटे घालतो. शेवटी कळते की तो मळा खासदारानेच घेतला. हा प्रसंग दोन-चार पानांचा, पण पुढच्या सगळ्या इतिहासाची चाहूल त्यात आहे. पिंटो ह्यांना २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांच्या घराच्या फाटकाशी गोळ्या घालण्यात आल्या. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या. स्थानबद्धांच्या छावण्यांची आठवण लिहिणारे जे. एम. कारिउकी १९७५ साली मारले गेले. ज्या माऊ माऊंच्या रक्तावर झेंडा चढला, त्यांच्या संघटनेवर इंग्रजांनी घातलेली कायद्यातली बंदी स्वतंत्र केनियाने उठवली ती २००३ साली! आणि स्वतः न्गुगीने आपल्या कामिरिथू गावच्या शेतकरी-मजुरांबरोबर गिकुयू भाषेत नाटक केले, तेव्हा १९७७ च्या अखेरीस त्याला चौकशीवाचून तुरुंगात टाकले ते इंग्रजांनी नव्हे. इंग्रजीत लिहीत होता तोवर सरकारने त्याला हात लावला नव्हता. गावच्या बोलीत बोलू लागताच तो धोक्याचा ठरला. तुरुंगात त्याने शौचाच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईने ह्यावर अधिक काय लिहावे?

हे वाचून, तिकडचे लोक तसेच, असे म्हणणारे आपल्यात निघतील. त्यांना मी उरणलाच परत नेते. १६ आणि १७ जानेवारी १९८४. नव्या मुंबईसाठी जमिनी घेतल्या जात होत्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबार झाला. पाच जण मेले. चिरनेरपासून हे ठिकाण दूर नाही. १९३० साली गोळी झाडणारे राज्य परक्याचे होते, १९८४ साली आपले. मेलेले दोन्ही वेळा त्याच मातीतले. फरक आहे, आणि तो लपवणे हाही खोटेपणाच होईल. आपल्याकडे त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली, आंदोलनाचे नेते निवडून येत राहिले, आणि त्यावर लिहिणाऱ्याला कोणी कागदावाचून कोठडीत टाकले नाही. तिकडे लिहिणाऱ्याला देश सोडावा लागला. इकडे लिहायला मोकळीक आहे, आणि तरीही आपण लिहिले किती? न्गुगीला धाक होता. आपल्याला कसला आहे? मला वाटते, शेजाऱ्याचा आहे. सत्काराच्या नारळाचा आहे.

मराठीत कोणीच धीर केला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' घ्या. गांधीजींच्या खुनानंतर खेड्यापाड्यांत जी घरे जळली त्यांची ती गोष्ट. जाळणारे आणि जळणारे दोघेही ओळखीचे, एका पाणवठ्याचे. आणि लेखक आवाज चढवीत नाही. श्री. ना. पेंडश्यांनी 'तुंबाडचे खोत' मध्ये खोतीचा अंमल आतून, त्याच्या मगरुरीसह आणि त्याच्या माणसांसह दाखवला. आमच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांची जमीन कसायची नाकारली. सहा वर्षे! त्या सहा पावसाळ्यांत कोणाच्या घरची चूल कशी पेटली, कोणाचा धीर सुटला, कोण रात्रीचा खोताच्या वाड्यावर जाऊन आला, ह्याची कादंबरी लिहायला माडगूळकरांचा संयम आणि पेंडश्यांचे कोकण दोन्ही लागतील.

तोच प्रश्न जंजिऱ्याचा. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी उभे केलेले राज्य आमच्या किनाऱ्यावर साडेचारशे वर्षे होते. मूळ मेढेकोट राम पाटील ह्या कोळ्याचा. तो दगलबाजीने घेतला गेला अशी कथा आहे. त्यावर सिद्दींनी दगडी किल्ला चढवला, आणि शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना तो घेता आला नाही. जानेवारी १९४८ मध्ये नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया ह्या मंडळींनी लोकसेना उभारून ह्या संस्थानात प्रजेचा लढा केला आणि मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत सिद्दी येतो तो बहुधा काळाकभिन्न राक्षस होऊन. लूट, जाळपोळ, बाटवाबाटवी त्याने केली हे खरेच आहे. पण राज्ये बांधणारे सगळेच त्या काळी तसे बांधीत होते, आणि खोकरीच्या घुमटांखाली निजलेली ती माणसे हबशांच्या मुलखातून कशी आली, त्यांतले कित्येक गुलाम म्हणून विकले गेले होते, हे आपण पोरांना सांगत नाही. गेल्या दिवाळीला आमच्या वर्गातल्या एका मुलाने परातीत पाणी घालून मध्ये जंजिरा केला होता. मला विचारतो, "बाई, वर महाराज ठेवू की सिद्दी?" मी त्याला म्हटले, "खरे काय झाले ते ठेव." त्याने विचार करून सिद्दी आत ठेवला आणि महाराज बाहेर गलबतात. मला वाटते, त्या मुलाने आमच्या पुष्कळ कादंबरीकारांपेक्षा चांगली कादंबरी लिहिली.

न्गुगीचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर ही समीक्षा आरती होईल. काळाची उलटापालट तो इतकी करतो की साध्या वाचकाला मागची पाने पुन्हा चाळावी लागतात. सणाच्या गडबडीत वाचण्याचे हे पुस्तक नव्हे. गोरा साहेब थॉम्पसन हा त्याला पुरता साधलेला नाही. त्याच्या मनातले विचार कळतात, पण तो बैठकीतल्या खुर्चीवर बसलेला दिसत नाही. आणि माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. १९८० च्या दशकात लेखकाने ह्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती काढली आणि जंगलातल्या लढवय्यांच्या हातून एका गोऱ्या बाईवर झालेला अत्याचार त्यातून काढून टाकला. त्या काळात त्याची मते अधिक लढाऊ झाली होती. आपल्या वीरांवर डाग नको असे त्याला वाटले असावे. म्हणजे ज्या लेखकाने मला फितूर लिहायला शिकवले, त्याच्याच हाताला पुढे माझा रोग जडला. हे वाचून मला वाईट वाटले, आणि थोडा आधारही वाटला. खरे लिहिणे हे एकदा करून संपणारे काम नव्हे. आयुष्यभर हात सांभाळावा लागतो.

कादंबरीच्या शेवटाबद्दल. भर सोहळ्यात, दुसऱ्यावर संशय जातो आहे असे पाहून, मुगो उभा राहतो आणि मीच तो असे सांगतो. लोक शिव्या देत नाहीत, दगड मारीत नाहीत. गप्प होऊन वाट देतात. मागाहून जंगलातले दोघे सेनानी त्याला घेऊन जातात, आणि पुढे काय झाले हे गावातल्या म्हाताऱ्यांच्या मलूल बोलण्यावरून आपण ओळखतो. नव्या राज्याने पहिले बळी घेतले ते खरे बोलणाऱ्याचे. ज्या म्हातारीने त्याचा न्याय केला, तिलाही आता घर खायला उठते. दुसरीकडे दवाखान्यात पडलेला गिकोन्यो मुम्बीसाठी एक लाकडी बैठक कोरायचे मनात घेतो. कोणती आकृती कोरायची हे तो मनात बदलत राहतो आणि शेवटी गर्भार बाई कोरायचे ठरवतो. कबुलीने मुगोला मरण दिले, पण ह्या दोघांना बोलायची वाट दिली. गव्हाचा दाणा मातीत पडून मेल्याशिवाय कणीस धरीत नाही, हा बायबलातला दृष्टांत पुस्तकाच्या नावात आहे. वाचेपर्यंत मला वाटत होते की तो दाणा म्हणजे हुतात्मा किहिका. वाचल्यावर वाटते, तो फितूर मुगोही आहे.

दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्म्यांना पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. मला त्यात उपहास दिसत नाही. राज्य बदलले ह्याची ती खूण आहे. पण यंदा हे वर्गात सांगत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मारणारेपण पोलीसच होते ना?" मी हो म्हटले. "मग ते कोणाचे काका-मामा होते?" ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. त्या शिपायांतही आपल्याच मुलखातली, आपल्याच भाषेची, पोटासाठी पट्टा बांधलेली माणसे होती.

ते आजोबा ह्या वैशाखात गेले. माझ्या कादंबरीची नवी आवृत्ती काढायची का, असे प्रकाशक विचारीत आहेत. जुनी तशीच छापायला मी नाही म्हणून कळवले आहे. पुन्हा लिहायला बसले आहे. त्या घराचे नाव कोठे येणार नाही, गाव ओळखू येणार नाही. कोणाच्या नातवंडांनी मान खाली घालावी म्हणून मी लिहीत नाही. पण त्या गावात आता एक माणूस असेल. संध्याकाळी रिकाम्या गोठ्यातल्या खुंट्याकडे पाहत बसलेला. मग उठून, पायांत वहाणा न घालता, चौकीच्या वाटेला लागलेला.

कारीट फोडून झाले. आता फराळाला बसावे.